ब्रिज उचललाय, ॲक्शन पाच मिलीमीटरवर गेलीय: घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चिपळूणला घरी कॉलेजच्या काळातली अकूस्टिक गिटार १२-१३ वर्षं कपाटावर पडून होती, परवा काढली तर बाराव्या फ्रेटला (गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात त्यातली बारावी) तारा ५ मिलीमीटर वर, तारांच्या या उंचीलाच ॲक्शन म्हणतात, ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या लाकडी ठोकळ्याच्या, मागच्या कडेखाली कागद सरळ आत जातो, दुकानदार म्हणाला नवीन घ्या, मित्र म्हणाला ट्रसरॉड (नेकमधली सळई) आवळ, आणि तुम्हाला ती स्वतःच नीट करायचीय, जमलं तर पुढे एक स्वतः बनवायचीय. होईल. घरीच होईल. पण आत्ता भर पावसात नाही, आणि ट्रसरॉडला तर अजिबात हात लावू नका.

मी सांगलीचा, नोकरी कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये झाली, गिटारचं काम मात्र २२ वर्षं घरच्या माडीवर, रात्री आणि रविवारी. दुकान नाही. ओळखीतल्या पोरांच्या गिटारी येतात, त्यातल्या निम्म्या तुमच्यासारख्याच, म्हणजे ब्रिज सुटलेला नाहीतर टॉपला, वरच्या फळीला, पोट सुटलेलं. म्हणून जरा लांबण लावतोय, कारण यात लोक चुकतात ते एकाच ठिकाणी, मोजायच्या आधी हत्यार उचलतात.

पहिलं काम आज रात्रीच करा, सगळ्या तारा सैल सोडा, एकदम लुळ्या. तारांचा १२ ते ५३ चा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) साधा लाइट सेट नेहमीच्या ट्यूनिंगला लावला की सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ओढ असते, म्हणजे एक धडधाकट माणूस तुमच्या ब्रिजला चोवीस तास लटकलेला आहे असं समजा, आणि तो लटकतोय तीन मिलीमीटर जाडीच्या फळीवर. १२ वर्षं तो तसाच होता. अर्धवट सुटलेला ब्रिज अशा ओढीत राहिला तर एक दिवस टॉपचे तंतू सोबत घेऊन उपटतो, आणि मग चिकटवणं बाजूला राहून लाकडाचे तुकडे बसवायचं काम निघतं.

पण तीन मापं घ्यायचीत, त्यातली पहिली दोन तारा सोडायच्या आधी, शेवटचं एकदा ट्यून असतानाच घ्या. दहा मिनिटं लागतील, तेवढ्यात तो ब्रिज काही पळून जात नाही. ॲक्शन वर जायची कारणं तीन असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. नेकला वाक आलाय का, हे पहिलं. पहिल्या फ्रेटवर केपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, बहुतेक चौदाव्या फ्रेटला, दाबून धरा, आता ती ताणलेली तार हीच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेच्या मध्ये किती फट आहे ते बघा. पाव मिलीमीटरच्या आसपास असेल तर नेक ठणठणीत आहे. ते मोजायला मोटारसायकल मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचा फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पत्त्यांचा संच) मिळतो तोच वापरा, वेगळं काही मागवायची गरज नाही. दुसरं, टॉप. ब्रिजच्या मागे आडवी पट्टी ठेवा आणि दोन्ही बाजूंना टॉप किती खाली जातो ते बघा, थोडं पोट असतंच, स्टील तारांच्या गिटारचा टॉप मुळातच किंचित फुगीर बांधतात, दोन-तीन मिलीमीटरला घाबरू नका. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि ते कोणीच घेत नाही, ते म्हणजे नेकचा कोन. तारा काढल्यावर लांब सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याशी आलं, किंवा जेमतेम मिलीमीटरभर खाली आलं, तर नेक जागेवर आहे. ब्रिजच्या निम्म्या उंचीवर जाऊन धडकलं तर नेक पुढे झुकलाय आणि ते नेक रीसेटचं, म्हणजे नेक सोडवून कोन बदलून परत बसवायचं काम, पहिल्याच गिटारवर करू नका. फक्त हे तिसरं माप आत्ता घेतलेलं पक्कं धरू नका, टॉप फुगलेला असताना पट्टी नेहमी खालीच लागते, वाळल्यावर परत घ्यायचं.

आता ट्रसरॉडचं. नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, तारा नेकला पुढे वाकवतात आणि ही सळई त्याला मागे ओढून धरते, एवढंच तिचं काम. ती नटपासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून, बॉडीच्या सांध्यापर्यंतच काम करते, त्याच्या पुढे तिचा काही संबंध नाही. तुमचा बिघाड ब्रिजपाशी आहे, तो नेकमधल्या सळईने कसा बरा होणार? आवळलं तर ॲक्शन थोडी कमी झाल्यासारखी वाटते कारण नेक उलटा वाकतो, मग पहिले चार-पाच फ्रेट खरखरायला लागतात, मग माणूस अजून आवळतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका मुलाची गिटार अशीच आवळली होती, अर्धा आटा जास्त, आणि आतून जो कडक्‌ आवाज आला तो अजून आठवतो, रॉड तुटला होता. त्याला दुसरी गिटार घेऊन दिली. तेव्हापासून नियम केला की आधी माप, आणि फिरवायचंच असेल तर एका वेळी पाव आटा, मग थांबायचं, परत ट्यून करायचं, परत मोजायचं.

सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली तारा टेकायची पट्टी, घासून भागेल का, असंही तुम्ही विचारलंय. हिशोब करू. बाराव्या फ्रेटला एक मिलीमीटर उतरवायचं तर सॅडल दोन मिलीमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट बरोबर मध्यावर आहे. तुम्हाला सहाव्या तारेला अडीचच्या आसपास यायचंय म्हणजे अडीच मिलीमीटर उतरवायचं, म्हणजे सॅडल पाच मिलीमीटर घासायची. ती ब्रिजच्या वर दिसतेच जेमतेम तीन-चार. म्हणजे नाही भागणार. ब्रिज आधी खाली बसला पाहिजे, टॉप आधी वाळला पाहिजे, सॅडल सगळ्यात शेवटी.

वाळण्याबद्दल जास्त लिहितो कारण कोकणात खरा खेळ हाच आहे. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, वर पॉलिश असलं तरी, कारण आतली बाजू कोरीच असते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि तुमच्याकडे पावसात ८५-९० टक्के सहज. लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं, रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगतच नाही. टॉपच्या रेषा नेकच्या दिशेने उभ्या असतात म्हणून टॉप रुंदीत वाढतो, पण कडा बाजूंना चिकटलेल्या, जायला जागा नाही, मग तो वर उठतो, पोट येतं, आणि पोटाबरोबर ब्रिज वर, तारा वर. आता ब्रिज बघा, त्याच्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या असतात. म्हणजे जिथे टॉपला वाढायचंय नेमकं तिथेच ब्रिज म्हणतो मी हलणार नाही. दोघांच्या या ओढाताणीत मधला डिंक दरवर्षी थोडा थोडा सुटत जातो, वरून तारांची ओढ मागच्या कडेला उचलत असतेच.

म्हणूनच आत्ता चिकटवायचं नाही. जुलैत फुगलेल्या टॉपवर ब्रिज पक्का बसवलात तर तो त्या फुगलेल्या मापालाच जखडला जातो, मग जानेवारीत टॉप आकसायला लागतो, ब्रिज आकसू देत नाही, आणि ब्रिजच्या टोकापासून टॉपला उभी चीर जाते. असल्या चिरा मी बऱ्याच बघितल्यात आणि जवळजवळ सगळ्या 'गेल्या पावसाळ्यात चिकटवून घेतली होती' अशाच गिटारींच्या. उलट नागपूर-चंद्रपूरकडच्यांचं दुखणं वेगळं, तिकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला बोचतात. लाकूड तेच, हवा वेगळी.

तर दिवाळीपर्यंत थांबा. तोवर एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काही शे रुपयांत येतो, गिटार तारा काढून केसमध्ये किंवा घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, सिलिका जेलची मोठी पाकिटं टाका, जेल ओलं झालं की कढईत मंद आचेवर परतून परत वापरता येतं (पाकिटातून काढून, आणि त्या कढईत परत स्वयंपाक नको). आकडा हळूहळू ५५ च्या खाली येऊ द्या, दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, एका दिवसात वाळवलेलं लाकूड तडकतं. बऱ्याचदा नुसतं एवढ्यानेच ॲक्शन एक-दीड मिलीमीटर खाली आलेली मी बघितलीय.

मधल्या काळात गिटार समजून घ्या. साउंडहोलच्या कडेवर बॅटरी मारून बघा, वरच्या रेषा जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड आहे, थर दिसले तर प्लाय. प्लाय असेल तर वाईट वाटून घेऊ नका, कोकणातल्या हवेत ती जास्त टिकते आणि शिकायला तर उत्तमच. मग मोबाइल आत घालून ब्रिजच्या खालच्या बाजूचा व्हिडिओ काढा. तिथे ब्रिजप्लेट नावाची चपटी फळी असते, तारांचे गोळे तिच्यावर अडकतात, ती कुरतडली गेलीय का, चिरलीय का, शेजारच्या ब्रेसिंगची, म्हणजे टॉपला आतून आधार देणारी, पट्टी सुटलीय का. आणि मुख्य म्हणजे नटबोल्ट आहेत का. स्वस्त गिटारींमध्ये ब्रिज डिंकाशिवाय दोन स्क्रूंनीही धरलेला असतो, वरून त्यांच्यावर मोत्यासारखे गोल ठिपके बसवून झाकलेले असतात. ते न काढता ब्रिज उचकटायला गेलात तर टॉप फाटणार हे नक्की.

ब्रिज काढताना घाई नको. प्लास्टिकची सॅडल आधी काढून घ्या, नाहीतर वितळेल. पुठ्ठ्याला ब्रिजच्या आकाराची खिडकी कापा, पुठ्ठ्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि तो टॉपवर ठेवा, म्हणजे उष्णता फक्त ब्रिजला लागेल. मग कपड्यांची इस्त्री कमी तापमानावर ठेवून ब्रिजवर टेकवायची, दोन-तीन मिनिटं, उचलायची, बघायची, परत टेकवायची. लाकूडकामाचा पिवळा डिंक साधारण ६५ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, त्यामुळे जाळपोळीची गरज नाही. पातळ, कडा गुळगुळीत केलेली पॅलेट नाइफ किंवा पेंटरची पुट्टीची पत्ती थोडी गरम करून सुटलेल्या कडेतून आत सरकवा, सपाट, टॉपला समांतर. जोर लावायचा नाही, डिंक सोडेल तसं पुढे जायचं. पत्तीसोबत लाकडाची कपची निघायला लागली तर तिथेच थांबा आणि उलट्या बाजूने या, कारण रेषा तिरक्या खाली उतरत असतील तर एका दिशेने पत्ती लाकडात घुसते आणि दुसऱ्या दिशेने वर सरकते. निघालेली कपची फेकू नका, तिच्या जागी परत चिकटवायची असते. मला पहिल्या वेळी दोन तास लागले होते, आता चाळीस मिनिटं लागतात.

निघाल्यावर ब्रिजचं तळ आणि टॉपवरची जागा नीट बघा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत कितीतरी घरांत पाणी शिरलं, त्यातली एक गिटार माझ्याकडे आली होती, तीन-चार दिवस पाण्यात राहिलेली, मागची फळी हातात घेताच सुटली, बाजूंचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडलेले. ती वाजायची शक्यताच नव्हती, पण मी ती वाळवून पूर्ण सोडवली आणि त्या एका गिटारीने मला जे शिकवलं ते पाच वर्षांत शिकलो नव्हतो. ब्रिजच्या खाली बघितलं तर मधोमध रुपयाएवढ्या जागेत डिंकाने लाकूड पकडलं होतं, बाकी सगळीकडे खाली चकचकीत पॉलिश, डिंकाचा पापुद्रा नखाने निघत होता. म्हणजे कारखान्यात पॉलिश खरवडायचे कष्ट न घेता वरूनच ब्रिज बसवला होता. डिंक लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. तुमच्याही ब्रिजखाली असंच निघेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

म्हणून खरं काम आहे ते कोऱ्या लाकडाला कोरं लाकूड भिडवायचं. ब्रिज जागेवर ठेवून भोवती टोकदार पेन्सिलने रेघ मारा, रेघेच्या आत अर्धा-पाऊण मिलीमीटर सोडून बाकीचं पॉलिश धारदार पटाशीने किंवा नव्या ब्लेडने खरवडून काढा, पटाशी ढकलायची नाही, उभी धरून आपल्याकडे ओढायची. जुना डिंक पांढरा असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो, पण जास्त पाणी नको, आणि मग एक दिवस वाळू द्या. ब्रिजच्या तळाला टॉपची गोलाई यायला हवी, त्यासाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर टॉपवर उलटा, म्हणजे खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि ब्रिज त्याच्यावर छोट्या हाताने पुढे-मागे घासा, शेवटी १२० ने दोन हात. कुठेही फट दिसता कामा नये, क्लॅम्पने दाबून फट बुजवू असं मनात आणू नका, दाबून बसवलेली फट कायम सुटायच्या नादात असते. ब्रिज शिसवीचा असेल तर लाकूड तेलकट असतं, लावायच्या जरा आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्या.

डिंक कुठला, यावर लोक फार वाद घालतात. माझं मत सांगतो. झटपट चिकटवणारा तो छोट्या ट्यूबमधला डिंक इथे नको, ठिसूळ असतो आणि जागा सरकवायला वेळ देत नाही. दोन ट्यूब मिसळून करायचा इपॉक्सीही नको, कारण पुढे कधी ब्रिज काढायची वेळ आली तर पुढच्या माणसाची वाट लागते. साधा पांढरा डिंक कपाटाला छान आहे पण सतत ओढ असेल तर तो हळूहळू सरकतो, त्यातून उन्हाळ्यात बंद गाडीत गिटार राहिली की बघायलाच नको. पिवळा लाकूडकामाचा डिंक घ्या, पाचेक मिनिटं हाताळायला मिळतात, नवख्याला तोच बरा. आणि सगळ्यात उत्तम म्हणाल तर सरस. आपल्या जुन्या सुतारांचा सरस, पाण्यात भिजवून, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास पातळ करायचा. वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, ओढीखाली सरकत नाही, आणि उष्णता-पाण्याने परत सोडवताही येतो. फक्त लावल्यापासून मिनिटाभरात क्लॅम्प बसला पाहिजे, म्हणून तो तिसऱ्या-चौथ्या ब्रिजला. पुराच्या पाण्यात मात्र सरस टिकणार नाही हे चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको.

डिंक लावायच्या आधी सगळं एकदा कोरडं करून बघायचं, अगदी क्लॅम्प आवळण्यापर्यंत. जागा चुकली तर गिटार आयुष्यभर बेसूर, त्यामुळे जुन्या खुणेवरही आंधळा विश्वास नको, मोजा. नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत समजा ३२२.५ मिलीमीटर भरले, दुप्पट ६४५, पण तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो म्हणून सॅडल थोडी मागे असते, पहिल्या तारेला साधारण २ मिलीमीटर, सहाव्या तारेला ४ ते ५. सॅडल तिरकी का असते त्याचं कारण हेच. जागा पक्की झाली की पहिल्या आणि सहाव्या तारेच्या भोकात मेण लावलेल्या जुन्या, तारा अडकवायच्या पिना ठेवा, म्हणजे डिंकावर ब्रिज घसरणार नाही. साउंडहोलमधून हात घालून लावायचे खोल तोंडाचे सी-क्लॅम्प तीन लागतात, आत ब्रिजप्लेटखाली एक सपाट लाकडी ठोकळा, ब्रेसिंगच्या पट्ट्या येतात तिथे खाचा केलेला, वर ब्रिजच्या आकाराचा दुसरा ठोकळा. क्लॅम्प ताकदीने आवळायचे नाहीत, कडेने सगळीकडून डिंकाचे बारीक थेंब एकसारखे बाहेर आले की पुरे. बाहेर आलेला डिंक लगेच ओलसर फडक्याने पुसा. २४ तास क्लॅम्प, त्यानंतर अजून एक-दोन दिवस तसंच ठेवा, मगच तारा, आणि त्याही एका दमात पूर्ण सुरात आणू नका.

आता सॅडल आणि नट. एक गोष्ट मी मिरजेत शिकलो. मिरज आमच्यापासून दहा-एक किलोमीटर, तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तरुणपणी मी तिथल्या एका कारागिरांच्या ओट्यावर तासन्‌तास बसायचो, ते तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या ब्रिजचा, माथा कानशीने इतका हलका उतरता करायचा की तार तिच्यावरून सुटताना लांबवर घासत जाते आणि तो भरलेला, झणझणता सूर उमटतो, खाली सुताचा धागा सरकवून तो अजून खुलवायचा. गिटारमध्ये आपल्याला नेमकं उलट हवं. तार एका बिंदूवर स्वच्छ सुटली पाहिजे. गिटारची मोकळी तार सतारीसारखी झिणझिणत असेल तर लोक फ्रेट घासायला घेतात, पण मोकळ्या तारेला फ्रेटचा संबंध क्वचितच, बहुतेक वेळा नटच्या खाचेचा तळ सपाट किंवा पुढे उतरता झालेला असतो, म्हणजे नकळत जवारी लागलेली असते. खाच हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांकडे, उतरती हवी, तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. सॅडलचंही तेच, माथा गोल पण टेकायचा बिंदू एकच. खाच किती खोल हे बघायला तार तिसऱ्या फ्रेटला दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाची जाडी एवढीच फट राहावी. नट घासायच्या खास कानशी महाग येतात, मी कितीतरी वर्षं गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायचा टिप क्लीनरचा सेट वापरला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत तारा असतात, चोख काम होतं. सॅडल प्लास्टिकची असेल तर हाडाची बसवा, आवाजात फरक कानाला कळेल इतका पडतो. तळ घासायचा, माथा नाही, आणि तळ काटकोनात सपाट. पहिल्या तारेला १.८ ते २ मिलीमीटर, सहाव्या तारेला २.४ ते २.५ आलं की थांबा.

स्वतः बनवण्याबद्दल. ही एक दुरुस्ती झाली की भंगारात जाणाऱ्या दोन गिटारी गोळा करा आणि सोडवा, मग बनवायला घ्या. टॉपसाठी स्प्रूस नावाचं लाकूड बाहेरून मागवावं लागतं, बाकी आपल्याकडे काय कमी आहे? फ्रेटबोर्डला आणि ब्रिजला आपल्या सह्याद्रीतली शिसव, हीच तर जगभरचे नावाजलेले कारखाने ब्राझीलचं रोझवुड मिळेनासं झाल्यापासून वापरतायत, मात्र पावती असलेल्या वखारीतूनच घ्या, जंगलातली शिसव तोडण्यावर आणि बाहेर पाठवण्यावर कायदे कडक आहेत. बाजू आणि पाठ तून लाकडाची करा, मिरजेचे लोक तंबोऱ्याला वापरतात तेच, हलकं आहे, वाकतं छान. आणि महागड्या लाकडाच्या मागे लागू नका. आजच्या क्लासिकल गिटारचा साचा ज्याने घालून दिला त्या स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बनवली होती, टॉप तेवढा नीट बांधलेला, हे दाखवायला की आवाज मुख्यतः टॉपमधून येतो. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा तुमचा वेळ टॉपला द्या, तो अडीच-तीन मिलीमीटरपर्यंत उतरवताना मधूनमधून कोपऱ्यात दोन बोटांत धरून टिचकी मारून ऐकत राहा, एका टप्प्यावर आवाज लाकडी ठोकळ्यासारखा न राहता गुंजायला लागतो, तो कानाला ओळखू यायला दोन-तीन टॉप जातात.

फ्रेटच्या खाचा मात्र कानाने नाही, गणिताने. स्केल (नट ते सॅडल ही तारेची लांबी) भागिले १७.८१७ म्हणजे पहिल्या फ्रेटचं अंतर, उरलेल्या लांबीला परत तेच, असं पुढे. ६५० च्या स्केलला पहिला ३६.४८, दुसरा ७०.९२, तिसरा १०३.४२, बारावा बरोबर ३२५. प्रत्येक फ्रेट नटपासूनच मोजून आखा, आधीच्या फ्रेटपासून नाही, नाहीतर दर वेळची केसभर चूक साठत साठत बाराव्याला मिलीमीटर होते. ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवायला क्लॅम्प पुरत नाहीत, त्यासाठी दोन फळ्या एकावर एक साधारण दोन फुटांवर बसवायच्या आणि मध्ये बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या, प्रत्येक कामटी स्प्रिंगसारखी पट्टीवर दाब देते. परदेशात यालाच फायबरच्या कांड्या विकतात, तुमच्याकडे परसात बांबू असेल. पॉलिशला चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून, बोळ्याने, पातळ पातळ पन्नासेक हात, जुने फर्निचर पॉलिशवाले करायचे तसंच, अशा एखाद्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याला चार दिवस हाताखाली बसतो म्हणून विनवा, ती कला आता झपाट्याने चाललीय आणि व्हिडिओ बघून बोळ्याचा ओलावा किती हवा हे कळत नाही.

सध्या एवढंच करा, तारा सुरात असतानाची मापं, बाराव्या फ्रेटची पहिल्या आणि सहाव्या तारेची ॲक्शन, नेकची फट, टॉपचं पोट, आणि आतून ब्रिजप्लेटचा स्वच्छ फोटो. ब्रिजवर ते गोल ठिपके आहेत का तेही सांगा. ब्रिजप्लेट चिरलेली निघाली तर आधी तिला पॅच लावावा लागेल आणि मग क्लॅम्पच्या ठोकळ्याचा आकार बदलतो, त्यामुळे फोटो बघितल्याशिवाय क्लॅम्प विकत घेऊ नका.